राखणदार पाहिजे, पगार विचारू नये

घरात संगणक बाळगणाऱ्या मध्यमवर्गीय माणसाच्या मनात दोन श्रद्धा ठाण मांडून बसलेल्या असतात. जे फुकट मिळते त्यात काहीतरी खोट असतेच, ही पहिली. आणि जे फुकट मिळू शकते त्याला पैसे मोजणारा माणूस शुद्ध मूर्ख असतो, ही दुसरी. एरवी या दोघी गुण्यागोविंदाने नांदतात. परंतु घरच्या संगणकाला अँटिव्हायरस विकतचा घालावा की फुकटचा, असा प्रश्न उभा राहिला की त्या एकमेकींच्या झिंज्या उपटू लागतात. आमच्या घरी हे युद्ध जवळजवळ अख्खा पावसाळा चालले आणि त्या काळात जेवणाची वेळ पाळल्याचे मला आठवत नाही.

निमित्त क्षुल्लक होते. आधीच्या अँटिव्हायरसचे लायसन्स संपत आले होते. मी सोसायटीची खजिनदार असल्यामुळे देखभाल खर्चाचा हिशेब घरच्याच संगणकावर ठेवते, आणि हिशेबाला बसले की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक लालभडक चौकट वर येऊन ‘तुमचा संगणक असुरक्षित आहे’ असे बजावीत असे. तिच्यातले ‘आता रिन्यू करा’ हे बटण दारातूनही दिसेल इतके मोठे होते. चौकट बंद करण्याची फुली मात्र चष्मा पुसल्याशिवाय सापडत नसे. रिन्यू करण्याची रक्कम पाहून मी संगणक दुरुस्त करणाऱ्या मुलाला फोन केला, तेव्हा तो सहज म्हणाला, “ताई, रिन्यू कशाला करता? नवीन बॉक्स घ्या, स्वस्त पडेल.” वर्षानुवर्षे निष्ठेने पैसे भरणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला पूर्ण दर आणि काल आलेल्या नवख्याला घसघशीत सूट, हा न्याय आमच्या वाण्याने लावला असता तर त्याचे दुकान कधीच बसले असते.

आमच्या यजमानांचा पक्ष सुरुवातीला देशभक्तीचा, किंवा अधिक नेमके सांगायचे तर पुणेभक्तीचा होता. “अगं, क्विक हील आपल्या पुण्याचे आहे,” एवढे म्हणून ते वाद मिटवू पाहत. ती गोष्ट खरोखरच अभिमानाने सांगावी अशी आहे. मूळचे सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करीत होते. पुढे दुरुस्तीला संगणक येऊ लागले, त्यांच्यात व्हायरस सापडू लागले, आणि धाकटे बंधू संजय यांनी त्यांवर उतारा लिहायला घेतला. त्यातूनच १९९५ साली डॉसवर, म्हणजे विंडोजच्या आधीच्या संगणक-प्रणालीवर, चालणारे क्विक हील बाजारात आले. गंमत अशी की, पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस, म्हणजे १९८६ सालचा ‘ब्रेन’, हाही दोन भावांनीच लिहिलेला होता, ते लाहोरचे. त्या भावांनी व्हायरसच्या पोटात आपली नावे, दुकानाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांकसुद्धा घालून ठेवले होते. उपद्रव करतानाही संपर्काचा पत्ता देण्याची ही सचोटी आता लोपली आहे. आज रीतसर पैसे भरलेल्या ग्राहकालासुद्धा कस्टमर केअरचा क्रमांक सापडता सापडत नाही. यजमानांची पुणेभक्ती मात्र किमतीखाली अठरा टक्के जीएसटीची ओळ दिसेपर्यंतच टिकली. त्यानंतर ते एकदम विश्वबंधुत्वाकडे वळले आणि जगात कोठे फुकट काय मिळते याचा शोध घेऊ लागले.

विकतच्या पक्षाचे पुढारी म्हणजे माझे धाकटे दीर. नाशिकहून फोन करून ते मला रोज एक नवा रोग सांगत. “वहिनी, रॅन्समवेअर! फोटो, हिशेब, सगळे कुलूपबंद करतात आणि किल्लीचे पैसे मागतात.” भाऊजींचे भय खोटे नव्हते. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ने जगभरातील रुग्णालये आणि कारखाने असेच अडकवले होते आणि सुटकेसाठी प्रथम तीनशे डॉलर, तेही बिटकॉइनमध्ये, मागितले होते. भाऊजी ज्या भागावरून अलगद पुढे जात तो असा की, ज्या भोकातून हा चोर शिरला ते बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, एक पैसा न घेता दिलेले होते. बहुतेक ठिकाणी ते लावायचेच राहून गेले होते. आमचे यजमानही अपडेटची खिडकी दिसली की ‘नंतर आठवण करा’ यावर इतक्या चपळाईने टिचकी मारतात की, तेवढी चपळाई त्यांनी दळण आणताना कधी दाखवलेली नाही.

अखेर निर्णय शास्त्रशुद्ध पद्धतीने व्हावा म्हणून यजमानांनी एक्सेलमध्ये तक्ता मांडला. जर्मनीतील माग्देबुर्ग येथे एव्ही-टेस्ट नावाची संस्था आहे. ती अशा सॉफ्टवेअरची परीक्षा घेऊन संरक्षण, वेग आणि वापरातील सोय या तीन विषयांत प्रत्येकी सहापैकी गुण देते. यजमानांनी ते सारे गुण मोठ्या श्रद्धेने उतरवून घेतले, आणि रात्री उशिरा त्यांच्या लक्षात आले की तक्त्यातील बरीचशी मुले अठरापैकी अठरा मिळवून पास झालेली आहेत. पैकीच्या पैकी गुणांची अशी रांग लागली की निवड कशी करावी, हे अकरावीच्या प्रवेशाच्या वेळी आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आताही सांगायला कोणी नव्हते. मग त्यांनी नॉर्टन की अव्हास्ट, एव्हीजी की अविरा अशा चौरंगी सामन्याचे स्वतंत्र पान केले. त्यावर दोन संध्याकाळी खर्ची पडल्यावर मला कळले की अव्हास्टने एव्हीजीला २०१६ मध्येच विकत घेतले होते, अविरा पुढे नॉर्टनच्या घरात गेली आणि २०२२ मध्ये नॉर्टन व अव्हास्ट यांचेही लग्न लागून चौघेही आता ‘जेन डिजिटल’ या एकाच कंपनीच्या छपराखाली राहतात. मी हे सांगितले तेव्हा यजमानांनी ते पान पुसून टाकले नाही, फक्त त्याला ‘संयुक्त कुटुंब’ असे नाव दिले. कॅस्परस्की या रशियन अँटिव्हायरसचा स्तंभ भाऊजींनी फोनवरूनच छाटला, कारण अमेरिकेने २०२४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. नाशिकच्या भाऊजींना अमेरिकेची एवढी काळजी का, हे विचारण्याचे मी टाळले.

तेवढ्यात फुकटच्या पक्षाने सरशी केली आणि एक प्रसिद्ध फुकटचे सॉफ्टवेअर आमच्या संगणकात येऊन बसले. त्याचे नाव मी सांगणार नाही. ते बसवताना यजमानांनी ‘नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश’ हा मंत्र म्हटला. वाटेत तीन चौकोनांत आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली होती आणि ‘नको’ हा शब्द पांढऱ्यावर फिकट करड्या अक्षरांत छापलेला होता, हे मला पाठीमागे उभी राहून दिसत होते. परंतु माउस ज्याच्या हाती त्याचे राज्य. परिणामी एका अँटिव्हायरसबरोबर एक नवा ब्राउझर आणि संगणक ‘स्वच्छ’ करून देणारा एक उमेदवार असे पाहुणेही उतरले. या उमेदवाराने आमच्या संगणकात शेकडो ‘समस्या’ शोधल्या आणि त्या नेमक्या कोणत्या हे मात्र पैसे भरल्यावरच सांगण्याचे ठरवले. आमच्या सोसायटीत पूर्वी एक गुरखा होता. तो मध्यरात्री काठी आपटून, शिट्टी फुंकून, गाढ झोपलेल्यांना जागे करून सर्व काही ठीक असल्याचे कळवीत असे. हे सॉफ्टवेअर त्याच घराण्यातले निघाले. दर तासाला ‘आज एकही धोका आढळला नाही’ अशी आनंदवार्ता आणि तिच्या शेपटाला ‘प्रीमियम घ्या’ असा आग्रह. गुरखा निदान पैसे महिन्यातून एकदाच मागत असे.

फुकटच्या राखणदाराचा पगार कोठून निघतो, हा प्रश्न येथे कोणालाही पडावा. प्रत्येकाचे उत्तर सारखे नसते आणि बरेचसे जण नुसत्या जाहिरातींवर भागवतात. पण अव्हास्टची हकीकत जगजाहीर आहे. आपल्या ग्राहकांनी कोणकोणती संकेतस्थळे पाहिली याची माहिती ते ‘जंपशॉट’ या आपल्याच उपकंपनीमार्फत विकत होते. बोभाटा झाल्यावर जानेवारी २०२० मध्ये ते दुकान बंद झाले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. हे वाचून यजमान बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “आपण काय पाहतो? वीजबिल आणि पंचांग. पाहू देत की.” यावर काय बोलावे?

या टप्प्यावर माझी भाची घरी आली. ती हिंजवडीला याच क्षेत्रात नोकरी करते. तिने पाहुण्यांसह ते सॉफ्टवेअर उतरवले आणि म्हणाली, “मावशी, विंडोजमध्ये डिफेंडर नावाचा स्वतःचा अँटिव्हायरस आहे. आठव्या विंडोजपासून, म्हणजे २०१२ पासून आहे. दुसरा कोणी आला की तो आपणहून बाजूला होतो, म्हणून तुम्हाला कधी दिसला नाही. घरच्या वापराला पुरतो. फक्त काका, अपडेट पुढे ढकलू नका.” यजमानांच्या चेहऱ्यावर ज्याचा सारा उद्योग पाण्यात गेला त्या माणसाचे दुःख होते. ज्याचा बॉक्स नाही, सीडी नाही, जो स्वतःहून काही सांगत नाही आणि काही मागत नाही, तो काम करतो यावर त्यांचा विश्वास बसेना. तक्त्यात डिफेंडरही अठराच गुणांवर उभा होता. पण त्या स्तंभाला त्यांनी रंग दिलेला नव्हता.

“काका, परीक्षा घेऊन पाहा,” असे म्हणून भाचीने अँटिव्हायरसची चाचणी घेण्यासाठी जगभर वापरली जाणारी अडुसष्ट अक्षरांची ओळ दाखवली. ती ओळ स्वतः निरुपद्रवी असते, परंतु ती दिसताच प्रत्येक अँटिव्हायरसने व्हायरस सापडल्यासारखे ओरडावे असा संकेत आहे. यजमानांनी ती कॉपी करण्यास नकार दिला, कारण परीक्षेत नक्कल चालत नाही, आणि नोटपॅडमध्ये एका बोटाने, उद्गारचिन्हे व डॉलरची खूण शोधत, ती स्वहस्ते उतरवून फाइल जतन केली. काहीही झाले नाही. त्यांना झालेला आनंद मी येथे वर्णन करू शकत नाही. डिफेंडर नापास झाल्याचे ते नाशिकला कळवणार तोच भाचीने पडद्याजवळ वाकून पाहिले आणि सांगितले, “काका, तिसरे अक्षर इंग्रजी ओ आहे, तुम्ही शून्य काढलंय.” शून्याचा ओ झाला, फाइल पुन्हा जतन केली, आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच ती नाहीशी होऊन कोपऱ्यात धोका आढळल्याची दोन ओळींची सूचना आली. यजमान म्हणाले, “विचारायचे तरी!”

वाचलेल्या पैशांतून भाचीने आम्हाला एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यायला लावली, ती त्या लायसन्सच्या कितीतरी पट महाग पडली. आता दर रविवारी हिशेब आणि फोटो तिच्यावर उतरवून वायर काढून ठेवते. रॅन्समवेअर आलेच तरी कपाटातल्या डिस्कपर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. शिवाय ‘आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडली जाईल, या क्रमांकावर संपर्क साधा’ असा निरोप आला की फोन करायचा नाही, हे यजमानांकडून घोकून घेतले आहे. समोरच्याच्या सांगण्यावरून आपणच आपल्या हाताने त्याला आत घेतले आणि ओटीपी वाचून दाखवला, तर विकतचाही राखणदार काय करणार? तसे घडलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक लावायचा असतो, तो मी फ्रिजवर चिकटवला आहे.

प्रकरण मिटले असे वाटत असतानाच भाऊजींचा फोन आला. “वहिनी, माझ्या लायसन्सवर तीन संगणक चालतात. एक जागा नुसती वाया जाते आहे. लायसन्सची की पाठवतो, घालून टाका.” स्पीकरवर हे ऐकून यजमान खुर्चीतून उठलेच. पैसे भरलेले, तरी आपल्याला फुकट! दोन्ही श्रद्धा एकाच वेळी तृप्त करणारा असा योग त्यांच्या तक्त्यात कोठेही नव्हता. डिफेंडर बाजूला होईल, हे माझे म्हणणे त्यांच्या कानापर्यंत पोहोचले नाही. मी भाऊजींना फक्त लायसन्स कधी संपते एवढे विचारले.

“पुढच्या महिन्यात,” भाऊजी म्हणाले. “रिन्यू करताना निम्मे-निम्मे करू.”

यजमानांनी माझ्या हातून फोन घेतला आणि “आवाज येत नाही रे,” असे म्हणून ठेवून दिला.