चार वर्षांच्या मुलाला ओट्यापासून हाकलणाऱ्या मेसेजला उत्तर

‘तज्ज्ञांचा इशारा’ म्हणून एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. सहा वर्षांखालच्या मुलांना केक-बिस्किटं करताना सोबत घेऊ नका, त्यातून ती काही शिकत नाहीत; भाषा सुधारायची तर तोच वेळ इंग्रजी ॲपला द्या; ओव्हन आणि कच्चं पीठ धोक्याचं; गोडाची सवय लागते ती वेगळीच. तज्ज्ञाचं नाव कुठेही नाही. तरी कोथरूडला माझ्या बहिणीने तो वाचून चार वर्षांच्या लेकाला ओट्याजवळ येऊ देणं बंद केलंय, म्हणून हे लिहितेय.

ॲपचा सल्ला सगळ्यात घातक. अमेरिकेत भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. काही बाळांशी मँडरिन (चिनी) बोलणारी माणसं समोर बसून बोलली-खेळली. काहींना तेच पडद्यावर दाखवलं. समोरासमोर ऐकलेल्या बाळांना त्या भाषेतले जवळजवळचे ध्वनी वेगळे ओळखता आले, पडदा पाहिलेल्यांना नाही. बाळं लहान होती, मान्य. पण चार वर्षांच्या मुलालाही त्याच्या बोलण्याला उत्तर देणारं माणूसच लागतं.

आता नानकटाई घ्या. तूप-पिठीसाखर फेसायची, मैदा-बेसन चाळायचं, गोळे वळून जरासे दाबायचे. शब्द कानावर पडतो तेव्हा ते काम मुलाच्या हातात असतं. ‘आधी काय घातलं? आता काय राहिलं?’ असं विचारलं की ते घडलेलं क्रमाने सांगू लागतं. गोष्ट सांगायलाही हेच लागतं. दोन अर्ध्या वाट्यांची एक वाटी होते, हे ते स्वतः ओतून पाहतं. वरच्या चिरा का पडल्या, हे ते आपणहून विचारतं.

हे सगळं मराठीत बोललं तर इंग्रजी शाळेत मूल मागे पडेल, अशी भीतीही मेसेजच्या शेवटी घातली आहे. साफ चूक. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० सुद्धा लहान वयात घरच्या भाषेवरच भर देतं.

कच्च्या पिठाचं तेवढं खरं आहे. मैद्यात आणि कच्च्या अंड्यात जंतू असू शकतात. पीठ चाटू देऊ नका, हात धुवायला लावा, ओव्हन मोठ्यांनीच उघडा. त्यासाठी मुलाला बाहेर कशाला काढायचं?

आणि गोड नको असेल तर पाव करा. मोजणं, मळणं, पीठ फुगायची वाट बघत गप्पा मारणं त्यातही आहेच.