जेट बोट म्हणता आणि बिनबकलाचं जॅकेट देता?

परवाच्या रविवारी कोयनेच्या बॅकवॉटरला गेलो होतो. तीन दिवस झाले, डोकं अजून ठिकाणावर नाही. रात्री कूस बदलली की ती सुतळी डोळ्यांपुढे येते, म्हणून लिहितोय.

काठावर केवढा तरी मोठा फ्लेक्स. त्यावर परदेशातल्या कुठल्याशा लाल बोटीचा फोटो आणि खाली ‘जेट बोट थरार, १५ मिनिटं, माणशी ५०० रुपये’. आम्ही चौघं. मी, बायको, अकरा वर्षांची मुलगी आणि आमच्या सासूबाई. म्हणजे दोन हजार. मुलीचं अर्धं तिकीट नाही का विचारलं, तर ‘काका, सीट तर पूर्णच लागते की.’ बरं, दिले. घाटातली वळणं खात, अर्ध्या वाटेवर पोरीला ओकाऱ्या होत, आम्ही कराडहून याच्यासाठीच आलो होतो. तिच्या आतेभावाने न्यूझीलंडहून, क्वीन्सटाउनच्या वाकाटिपू तळ्यावरून जेट बोटीचा व्हिडिओ पाठवला होता. चालक हात वर करून बोटाने हवेत गोल काढतो, सगळे दांडी घट्ट धरतात, आणि बोट जागच्या जागी गर्रकन फिरते. पोरीने तो व्हिडिओ शंभर वेळा बघितला असेल. ‘बाबा, आपल्याकडे आहे का असं?’ फ्लेक्स बघितल्यावर मीच म्हणालो, आहे की!

बोट बघितली आणि तिथेच डोकं फिरलं. मागे आउटबोर्ड इंजिन, आणि त्याच्या खाली पाण्यात उघडी पाती. अरे, ही जेट बोट कुठून? मी बावीस वर्षं पंपांच्या दुरुस्तीत काढली आहेत. जेट बोट म्हणजे पाण्यावर धावणारा पंप असतो. तळातून पाणी आत ओढायचं, आतल्या इम्पेलरने, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाने, त्याला जोर द्यायचा आणि मागच्या नोझलमधून फेकायचं. बाहेर पातं नाही, सुकाणू नाही. बिल हॅमिल्टन नावाच्या न्यूझीलंडच्या माणसाने १९५०च्या दशकात हे जमवलं, कारण त्याच्या भागातल्या नद्या उथळ, दगडगोट्यांच्या, आणि साध्या बोटींची पाती तिथे फुटायची. १९७७ साली एडमंड हिलरी असल्याच तीन बोटी घेऊन गंगेच्या मुखापासून उलट्या प्रवाहात थेट हिमालयाकडे निघाले होते. नंदप्रयागच्या अलीकडे धबधबा आडवा आला तेव्हा कुठे थांबले. जेट बोट या दोन शब्दांमागे एवढं काम आहे. आणि तुम्ही साध्या स्पीड बोटीवर रंगाने ‘JET’ लिहिता, आणि झाली जेट?

कुणी म्हणेल, नावात काय एवढं. नावातच आहे! जेट बोटीच्या जवळ माणूस पाण्यात असला तर त्याला चिरायला बाहेर पातं नसतं. इथे पातं आहे, उघडं, मिनिटाला हजारो फेरे मारणारं. तुम्ही नाव त्या बोटीचं घेतलंत, पैसे त्या बोटीचे घेतलेत, आणि त्या बोटीची सुरक्षितता मात्र दिली नाहीत. मला राग याचा आहे.

आता जॅकेट. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर ढीग पडलेला. आधीच्या फेरीतली माणसं उतरली की अंगातली ओली जॅकेटं काढून त्या ढिगात फेकतात आणि पुढची माणसं तीच उचलतात. आतला फोम चेपून चेपून चपातीसारखा झालेला. बायकोच्या जॅकेटची चेन बसेना. माझ्या जॅकेटला तीन पट्टे होते आणि बकल एकच. मुलीच्या मापाचं एकही नव्हतं. मोठ्या माणसाचं तिला घातलं, तर खांद्यावरून उचललं की ते कानाच्या वर जात होतं. लहान मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून पट्टा असतो, तो का असतो? पोर पाण्यात पडलं तर जॅकेट वर तरंगतं आणि पोर खालून निसटतं, म्हणून असतो. मी तिथल्या पोराला म्हटलं, छोटं जॅकेट दे. म्हणाला, ‘फोटोत दिसत नाय काका तेवढं.’

फोटोत!

आणि सासूबाईंच्या जॅकेटला एकही बकल नव्हतं. एकही नाही. बहात्तर वर्षांची बाई, नऊवारी नेसलेली, आयुष्यात पहिल्यांदा बोटीत बसणार. मी दुसरं जॅकेट मागितलं. त्या पोराने इकडेतिकडे बघितलं, कणसाच्या पोत्याची सुतळी सोडली आणि सासूबाईंच्या पोटावरून दोन वेढे घालून गाठ मारली. जनावराच्या गळ्यात दावं बांधतात तशी. सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसता पदर सावरला. मी म्हटलं, ‘हे चालणार नाही, बकलाचं जॅकेट दे, नाहीतर पैसे परत दे.’

तेव्हा तो म्हणाला, आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने म्हणाला, ‘काका, एवढी भीती वाटत असेल तर तुम्ही काठावर थांबा. गरम कणीस खा. लेडीजला आम्ही आणतो फिरवून.’

रांग हसली. माणसं हसली! त्यातल्या दोघातिघांनी तर स्वतःची जॅकेटं काढून हातात धरली, आपण घाबरत नाही हे दाखवायला. भीती? मी बकल मागत होतो. वीस माणसांना पाण्यात नेणाऱ्याकडे बकल मागणं ही भीती? कारखान्यात हेल्मेट मागणाऱ्या नव्या पोराला जुने लोक असंच हसायचे. त्यातल्या एकाचं डोकं फुटलेलं मी पाहिलंय, तेव्हापासून मला हे हसणं सहन होत नाही. सावधपणाला भित्रेपणा म्हणायची ही सवय आपल्या अंगात कुठून आली? गाडीत मागे बसून पट्टा लावला तर हसतात, ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ गच्चीला कठडा नाही म्हटलं तर हसतात. गॅसची नळी बदला म्हटलं तरी हसतात. आणि मग काही झालं की तीच माणसं मोबाईल वर करून शूटिंग करत उभी असतात.

आणि मी बसलो. हे लिहिताना लाज वाटते, पण बसलो. पोरगी रडवेली झाली होती, पैसे परत मिळणार नाहीत असं मागचा एक जण दरडावून सांगत होता, रांग ‘चला हो, चला हो’ करत होती. माझं एकमेव बकल मी मुलीच्या पट्ट्याला लावलं आणि बसलो. तीन दिवस झोप येत नाही ती त्या पोरामुळे जितकी, तितकीच यामुळेही. मी उतरायला हवं होतं. हात धरून तिघींना उतरवायला हवं होतं.

बोट सुटली. चालवणारा विशीतला. आउटबोर्डला लाल वेटोळ्यांची एक दोरी असते, किल कॉर्ड. ती चालकाने मनगटाला अडकवायची असते. तो पाण्यात फेकला गेला तर दोरी ओढली जाऊन इंजिन बंद पडतं, नाहीतर बिनमाणसाची बोट त्याच्याच अंगावर फिरून येते. ती दोरी स्विचलाच गुंडाळून ठेवलेली होती. एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात मोबाईल, आमचाच व्हिडिओ काढतोय, कारण तो परत आल्यावर दोनशे रुपयांना विकायचा. स्पीकरवर ढणाढणा गाणी. मे महिना, पाणी खाली गेलेलं, काठाकाठाने जुन्या झाडांची खोडं पाण्याच्या जेमतेम वर डोकावत होती. जी दिसत होती ती मी मोजत होतो, न दिसणाऱ्यांचं काय? आणि हा माणूस त्यांच्यामधून झोकांड्या देत चाललाय. पलीकडे उथळ पाण्यात सात-आठ पोरं डुंबत होती. त्यांच्यापासून बसच्या लांबीएवढ्या अंतरावरून त्याने वळण मारलं, पोरांच्या अंगावर पाणी उडावं म्हणून. उघड्या पात्याची बोट! मी ओरडलो. तो मागे वळून हसला आणि आणखी एक वळण मारलं.

पंधरा मिनिटं म्हणाले होते, घड्याळात नऊ झाली.

पण या सगळ्यात मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. सासूबाईंचं माहेर या पाण्याखाली आहे. कोयनेचं धरण झालं तेव्हा त्या सात-आठ वर्षांच्या होत्या. घरदार, शेत, देऊळ सोडून लोक उठले, कुणी सोलापूरकडे गेलं, कुणी रायगडला, ठाण्याला, सगळं खोरं विखुरलं. १०५ टीएमसीचं धरण म्हणून आपण पावसाळ्यात रोज आकडा बघतो, किती भरलं, किती सोडलं. त्या आकड्याच्या तळाशी त्यांची चूल आहे. एवढ्या वर्षांत त्या या पाण्यावर कधी आल्या नव्हत्या. यंदा स्वतःहून म्हणाल्या, एकदा बघून येऊ. वेगाची हौस त्यांना नव्हतीच, नात बसणार म्हणून बसल्या. मधोमध आल्यावर त्या पुढे वाकून त्या चालवणाऱ्याला विचारत होत्या, ‘बाळा, आमचं गाव कुठल्या अंगाला येतं रे?’ दोनदा विचारलं, तिसऱ्यांदाही विचारलं. गाण्यापुढे त्याला ऐकूच गेलं नाही. मी त्याच्या खांद्याला हात लावून स्पीकर बंद कर म्हटलं, तर त्याला वाटलं मी अजून जोरात न्यायला सांगतोय.

ज्या पाण्यावर तुमचा धंदा चाललाय त्याच्याखाली कुणाची घरं आहेत हे तुम्हाला ठाऊक नाही का? तुम्ही इथलेच आहात ना? तुमचेही आजे-पणजे याच पाण्याने उठवले असतील! धंदा करा, जरूर करा. या खोऱ्यात पोटाला दुसरं आहे तरी काय, ते मला कळतं. पण तुमच्याच आजीच्या वयाच्या बाईला सुतळीने बांधता?

उतरल्यावर भिजलेल्या बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. आहे ते शौचालय कुलूपबंद, किल्ली ‘मालक घेऊन गेलेत’. पार्किंगचे शंभर घेतले, पावतीवर ना शिक्का ना नाव. काठभर बियरच्या फुटक्या बाटल्या, आणि तिथेच पोरं अनवाणी. पाण्याकडे पाठ करून स्वतःकडे मोबाईल धरलेली माणसं. सूर्य बुडताना तिकडे कुणी बघतसुद्धा नव्हतं. आणि प्रत्येक जण स्वतःचा स्पीकर घेऊन येतो! पाच स्पीकर, पाच गाणी, एका डोंगराच्या पायथ्याशी. समोर अभयारण्य आहे, वाघांसाठी राखलेलं रान आहे, जरा तरी गप्प बसा.

तक्रार करायला गेलो. मालक नव्हते. एक जण म्हणाला, ‘आजवर इथे काय झालंय का? मग?’

हेच ऐकायचं राहिलं होतं. वडोदऱ्याच्या हरणी तळ्यातही १८ जानेवारी २०२४च्या सकाळपर्यंत ‘काय झालं’ नव्हतं. दुपारी शाळेच्या सहलीची बोट उलटली, बारा मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं, आणि कित्येक मुलांच्या अंगावर जॅकेटच नाही. त्याच वर्षी २१ मे रोजी उजनीत कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली, सहा जण गेले, आणि आपण दोन दिवस टीव्हीसमोर बसून शोधकार्य बघितलं. त्याच वर्षी १८ डिसेंबरला गेटवेवरून घारापुरीला निघालेल्या नीलकमल बोटीवर नौदलाची स्पीड बोट आदळली, पंधरा जीव गेले. एका वर्षात तीन वेळा हे वाचलं आपण! प्रत्येक वेळी चौकशी, प्रत्येक वेळी पंधरा दिवस जॅकेटची सक्ती, आणि मग पुन्हा तोच ओला ढीग. अंतर्देशीय जलयानांचा जुना १९१७चा कायदा जाऊन २०२१ साली नवा आला. तो कुठे आहे? या काठावर तर मला दिसला नाही. बोटीवर नोंदणी क्रमांक शोधला, तोही दिसला नाही. JET तेवढं दिसलं.

थरार थरार काय करता? त्या वाकाटिपूच्या व्हिडिओत थरार होता, कारण बोटीतलं पोरगं खदाखदा हसत होतं. त्याच्या अंगावरचं जॅकेट घट्ट बसलेलं होतं आणि निघण्याआधी कुणीतरी येऊन प्रत्येकाचा पट्टा ओढून बघितला होता, तेही त्या व्हिडिओत आहे. ते बघून झाल्यावर मग ती बोट फिरते. माझी पोरगी नऊ मिनिटांत एकदाही हसली नाही. आजीचा हात धरून बसली होती आणि उतरल्यावर मला म्हणाली, ‘बाबा, आजीची गाठ सुटली होती. मी धरून ठेवली होती.’

मी तिला काय उत्तर द्यायचं होतं?

तहसीलदारांच्या नावे अर्ज लिहून ठेवलाय, त्या सुतळीचा फोटो जोडलाय. काहीजण म्हणाले, कशाला नादी लागतोस. लागणार. पाऊस सुरू झाला की यांच्या बोटी काठावर ओढून, ताडपत्री घालून ठेवतात. चार महिने हाताला काम नसतं. त्या चार महिन्यांत जॅकेटं नीट करता येतील, लहान मुलांची दहा विकत घेता येतील. काल संध्याकाळी स्टँडमागे बॅगा शिवणाऱ्याकडे जाऊन मी विचारून आलो. जाड प्लॅस्टिकचं बकल, नवं, शिवून बसवण्यासकट, वीस रुपये.