रानपिंगळ्याच्या सर्वेक्षणातील एक सकाळ

मेळघाटातील रानपिंगळ्याच्या, म्हणजे एका दुर्मिळ छोट्या घुबडाच्या, सर्वेक्षणावरील एक लेख वाचला आणि तो आवडला. मात्र पक्षी ओळखण्याच्या कामाला त्यात फारच थोडी जागा मिळाली आहे. १८८४ नंतर शंभराहून अधिक वर्षे ज्याची खात्रीशीर नोंद नव्हती आणि १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये शहाद्याजवळ जो पुन्हा सापडला, तो हा पक्षी दिवसा वावरतो, त्यामुळे सर्वेक्षकाला रात्र जागावी लागत नाही. थंडीतली पहाट मात्र सुटत नाही. आमच्या सर्वेक्षणाच्या हंगामातील एका सकाळी सोबतच्या कोरकू वनमजुराने हात करून सर्वांना थांबवले आणि आम्हाला काही ऐकू येण्याआधीच सागाच्या निष्पर्ण फांदीवर ऊन खात बसलेली जोडी दाखवली. डोक्यावर जवळजवळ नसलेले ठिपके, छातीवरचा सलग तपकिरी रंग आणि दोन्ही बाजूंना झटके देणारी शेपटी, ही सारी लक्षणे जुळल्यावरच नोंद झाली, कारण तिथेच राहणारा साधा पिंगळा घाईत सहज फसवतो. ध्वनिमुद्रित साद वाजवून पक्षी पुढे आणणे सोपे असते, हे खरे. परंतु विणीच्या काळात ती वारंवार वाजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि लेखात त्याचा उल्लेख हवा होता.