‘छान’ला एक रुपया दंड

शाळेतल्या तीस वर्षांच्या नोकरीत मी ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या विषयावरचे इतके निबंध तपासले आहेत, की त्यांतल्या नुसत्या छत्र्या उघडून शेजारी शेजारी ठेवल्या, तरी कोल्हापूरच्या अख्ख्या रंकाळ्यावर मांडव पडेल. त्यामुळे निवृत्तीनंतर एका संस्थेने मला विचारले, की नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींना आठवड्यातून दोन संध्याकाळी ‘व्यवहारातले मराठी’ शिकवाल का, तेव्हा मी फारसा विचार न करता होकार दिला. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालचा आणि मीही त्याच सालचा. तेव्हा आमचे जमून जाईल, असे मला उगीचच वाटले.

अभ्यासक्रमातला पहिलाच प्रश्न असा होता : ‘आपण जेथे काम करता त्या ठिकाणाचे व त्याच्या प्रमुख वैशिष्ट्यांचे दहा वाक्यांत वर्णन करा.’ मुलाखतीत हे हमखास विचारतात आणि आपली मुले ‘शिरोलीत असतोय’ एवढे सांगून खाली बघतात, अशी संस्थेची तक्रार होती. वर्गात २२ जण होते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींतले, उद्यमनगरातल्या लेथवरचे, हुपरीला चांदीकामात असलेले दोघे, आणि ज्यांचे घर हेच कामाचे ठिकाण आहे, असेही काही. इतक्या तऱ्हांची कामे एका खोलीत बसलेली पाहून मला हुरूप आला. ते २२ कागद मी घरी नेले आणि चहाबरोबर वाचायला बसलो.

चहा निवून गेला. ‘माझे कामाचे ठिकाण खूप छान आहे. तेथील वातावरण छान आहे. तेथे सर्व जण मिळूनमिसळून राहतात. मला माझे कामाचे ठिकाण खूप खूप आवडते.’ सोळा कागदांवर थोड्याफार फरकाने हेच. हा मजकूर कुठे तरी भेटला आहे, असे वाटत होते आणि चौथ्या कागदावर ओळख पटली. हा आमचाच पाचवीतला ‘माझी शाळा’. आम्हीच घोटून घेतलेला. शाळेच्या जागी कारखाना आणि मुख्याध्यापकांच्या जागी सुपरवायझर, एवढाच काय तो बदल. एकाने तर ‘आमचे सुपरवायझर आमच्यावर मुलांप्रमाणे प्रेम करतात’ हे वाक्यही गाळलेले नव्हते. त्या सुपरवायझरांचा आवाज मी एकदा फोनवरून ऐकला आहे. त्यांच्या घरच्या मुलांची मला मनापासून काळजी वाटते.

एकाने वैशिष्ट्यांना क्रमांक दिले होते : पिण्याच्या पाण्याची सोय, गाडी लावण्यास प्रशस्त जागा, हायवेपासून जवळ. कारखान्याचे वर्णन केले आहे की कारखाना विकायला काढला आहे, हे शेवटपर्यंत उमगले नाही. दुसऱ्याने मोबाइलची मदत घेऊन थेट राजर्षी शाहू महाराजांपासून आरंभ केला होता. महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरीची बाजारपेठ वसवली, १९०६ मध्ये कापडाच्या गिरणीचा पाया घातला, २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले, असे दीड पान नेटके लिहून शेवटी ‘अशा या थोर नगरीत मी ड्रिल मशिनवर आहे’ अशी समाप्ती केली होती. इतिहास चोख होता. ड्रिल मशिनच्या वाट्याला तेवढी अर्धी ओळ आली होती.

पुढच्या तासाला मी श्रीखंडाचा एक रिकामा डबा टेबलावर ठेवला आणि जाहीर केले, की आजपासून ‘छान’ या शब्दाला एक रुपया दंड आहे. त्याबरोबर वर्गात जी शांतता पसरली, ती मला तीस वर्षे छडी बाळगूनही कधी साधली नव्हती. ‘छान’ काढून घेतल्यावर कोणाजवळ दुसरे काहीच उरले नाही.

‘सर, वैशिष्ट्य म्हंजे काय?’ अखेर एकाने विचारले.

‘जे दुसरीकडे नाही, ते.’

‘मग आमच्यात न्हाईच सर. सगळीकडं असतंय तेच हाय.’

या उत्तरात खोट काढता येईना. जो माणूस रोज सकाळी आठला त्याच दारातून आत जातो, त्याला त्या दाराचे वैशिष्ट्य काय जाणवणार? माझ्या घराचे वैशिष्ट्य मला आजवर कोणी विचारले नाही, हे माझे नशीब.

तेव्हा मी पवित्रा बदलला आणि वर्णन सोडून चौकशी सुरू केली. सुभाषनगरहून येणाऱ्या मुलीच्या घरी कोल्हापुरी चपला होतात. तिने लिहिले होते, ‘आमच्या चपलेला २०१९ मध्ये मानांकन मिळाले आहे.’ मी म्हटले, ‘ते मानांकन महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार अशा आठ जिल्ह्यांना मिळाले आहे, तुझ्या घराच्या सोप्याला नव्हे. तुझ्या सोप्यात काय आहे?’ ती जरा विचार करून म्हणाली, ‘कातडं भिजत घातलेलं असतंय. पाव्हणं आलं की आधी नाकाला पदर लावत्यात, मग विचारत्यात, बरं हाय का? आई वेणी घालत बसलेली असती. माझी न्हवं, चपलीची. माझी मलाच घालाय लागती.’ मी तिला म्हटले, हेच लिही. तिने लिहिले, ‘आमच्या घरी चर्मोद्योगाचे पारंपरिक वातावरण आहे.’

बोलताना जिवंत असलेले वाक्य कागदावर येईपर्यंत वाटेत नेमके कुठे दगावते, हे मला अजून कळलेले नाही.

हंगामात घरच्या गुऱ्हाळावर राबणाऱ्या पोराचेही तेच. काहिलीतला पाक झाला की नाही, हे गुळव्या कसे ओळखतो, ते त्याने तोंडी असे सांगितले, की वर्गातल्या सगळ्यांनी जागच्या जागी गिळले : पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी त्याची गोळी वळायची, गोळी वळली की काहील उतरवायची, क्षणभर उशीर झाला तर सगळी मेहनत करपली. कागदावर मात्र ‘येथे गूळ तयार केला जातो’ एवढेच उतरले.

यश आले ते एकाच ठिकाणी, आणि तेही अंगाशी आले. वेल्डिंगच्या एका मुलाने लिहिले, ‘आमच्या शेडमध्ये दोन पंखे आहेत. त्यांतला एक मालक आले की लागतो.’ मी आनंदाने पैकीच्या पैकी गुण दिले आणि ते वाक्य मोठ्याने वाचून दाखवले. दुसऱ्या दिवशी मुलगा रबर घेऊन हजर. हे लिखाण मुलांच्या डायरीत जाते आणि ती डायरी सहीसाठी मालकांकडे जाते, हे मला कोणी सांगितले नव्हते. आम्ही दोघांनी मिळून तो पंखा खोडला आणि त्या जागी ‘हवा खेळती आहे’ असे लिहिले. व्यवहारातले मराठी ते हेच असावे.

राहता राहिला एका फौंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात, मोल्डिंगवर, म्हणजे वाळूचे साचे करण्यावर असलेला मुलगा. त्याचा संपूर्ण निबंध असा होता : ‘आमच्या फौंड्रीत वाळू आहे. लय आहे.’ मी पुष्कळ खोदून पाहिले. तो म्हणाला, ‘सर, ते सांगून कळायचं न्हाई. तुम्हीच या एकदा.’ परवानगी त्यानेच काढली आणि एका दुपारी मी डोक्यावर ढगळ हेल्मेट घालून आत शिरलो.

वाळू खरोखरच लय होती. काळीभोर, दमट, पायाखाली मऊ. तिच्यात बेंटोनाइटची माती, कोळशाची भुकटी आणि बेताचे पाणी असते, हे त्याने चालता चालता सांगितले. मग मूठभर वाळू उचलली, आवळली आणि मूठ उघडून माझ्यासमोर धरली. वाळूच्या गोळ्यावर चारही बोटांचे ठसे स्वच्छ उठले होते. त्याने गोळा मधोमध मोडला. दोन सरळ तुकडे झाले, एक कणही घरंगळला नाही. ‘ही झाली. भुगा झाला तर पाणी कमी. हाताला चिकटली तर जास्त, मग कास्टिंगला भोकं पडत्यात.’ मी करून पाहिले. माझ्या मुठीतली वाळू माझ्या बुटात गेली.

तेवढ्यात कोणी तरी ओरडले आणि तो मला कोपराला धरून भिंतीकडे घेऊन गेला. भट्टीतून वितळलेल्या लोखंडाने भरलेली लॅडल, म्हणजे ओतायचे भांडे, येत होती. चौदाशे अंशांच्या घरातले ते लोखंड नारिंगी म्हणावे तर पांढरे होते, पांढरे म्हणावे तर डोळ्यांत पिवळे उतरत होते. साच्याच्या तोंडात त्याची धार पडली तशा ठिणग्या उडाल्या, वाळूच्या भेगांतून निळसर ज्वाळा फुटल्या आणि दहा हातांवरून माझ्या गालांना झळ लागली. मी तीस वर्षे विशेषण आणि क्रियाविशेषण शिकवले. माझ्या तोंडून एकच शब्द निघाला.

‘छान!’

त्या आवाजातही त्याला तो ऐकू गेला. त्याने काळा हात पुढे केला. मी खिसे चाचपले. दहाची नोट होती, ती दिली. त्याने ती नीट घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

‘सुट्टं न्हाईत सर,’ तो म्हणाला. ‘अजून नऊ येळा म्हणा, फिटतंय. चला, पलीकडं कास्टिंग घासून साफ करत्यात, ते फेटलिंग दाखवतो.’