चाळीस डॉलर राहिले

त्रिनिदादचा कॅलिप्सो (तिथला लोकप्रिय गाण्याचा प्रकार) गायक माइटी स्पॅरो याच्यावरच्या या लेखात '1956 साली कॅलिप्सो किंगचा किताब मिळाला आणि त्याचं नशीब फळफळलं' असं म्हटलंय. ते पटलं नाही. त्या वर्षी कार्निव्हलमधल्या कॅलिप्सो स्पर्धेत 'जीन अँड डायना' गाऊन जिंकलेल्या या 20 वर्षांच्या पोराच्या हातावर आयोजकांनी फक्त 40 डॉलर टेकवले. त्याच कार्निव्हलच्या सौंदर्यराणीला मिळालेली बक्षिसं 7500 डॉलरच्या घरातली! ज्यांच्या गाण्यावर अख्खं शहर रस्त्यावर नाचतं, त्यांची ही किंमत. मग याने त्यावरच गाणं रचलं, तीन वर्षं स्पर्धेवर बहिष्कार टाकला आणि 1960 मध्ये परत येऊन पुन्हा किताब जिंकला. माझ्या मते त्याचं खरं मोठेपण इथे आहे, आणि लेखात नेमकं हेच नाही.

लेखात त्याला 'स्वयंशिक्षित' म्हटलंय, तो शब्दही जरा जपून वापरायला हवा. गिटार तो स्वतःच शिकला, हे खरं. पण त्याआधी चर्चच्या गायकवृंदात गळा तयार झाला होता. मी नोकरीनिमित्त दोन वर्षं त्रिनिदादच्या राजधानीत, पोर्ट ऑफ स्पेनला होतो. कॅलिप्सोचे कार्यक्रम होतात त्या जागेला तिथे 'टेंट' म्हणतात (आता साधं सभागृहच असतं); तिथे नवखी पोरं जुन्या गायकांकडे कशी टक लावून बघत बसतात, ते मी पाहिलंय.