भाचा ‘कायनेस्थेटिक’ निघाला म्हणे!

फॅमिली ग्रुपवरचे असले मेसेज मी एरवी न वाचताच पुढे सरकवतो. पण हा ताईने मनावर घेतलाय. म्हणणं असं की मुलं तीन प्रकारची: बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि हालचालीतून शिकणारी, म्हणजे व्हिज्युअल, ऑडिटरी, कायनेस्थेटिक. प्रकार बोटांच्या ठशांवरून कळतो. त्या पद्धतीने शिकवलं की इंग्रजी आपोआप येतं, व्याकरण लागतच नाही. आणि हे म्हणे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी सिद्ध केलंय. सहावीतल्या भाच्याचे ठसे देऊन झाले, तो ‘कायनेस्थेटिक’ निघाला आणि त्याची इंग्रजीची वही बंद झाली. लिहिणं त्याच्या प्रकारात बसत नाही!

आधी ठसे, कारण पैसे तिथेच जातात. बोटांवरच्या रेषा मूल पोटात असतानाच घडतात आणि जन्मभर तशाच राहतात. त्यांवरून माणूस ओळखता येतो, म्हणून आधार कार्डाला त्या चालतात. त्या माणसाला टेन्स कसे शिकवावेत हे त्यांवरून कळतं, याला मात्र काडीचा आधार नाही. रंगीत आलेखांची फाइल हातात दिली की झालं शास्त्र? यापेक्षा कुडमुड्या जोशी परवडला, तो निदान वही बंद करायला सांगत नाही.

आता ते तीन प्रकार. 2008 साली पॅशलर आणि त्यांच्या तीन सहकारी मानसशास्त्रज्ञांनी यावरचं संशोधन तपासलं. त्यांची अट साधी होती: ‘बघणारी’ आणि ‘ऐकणारी’ अशी दोन्ही मुलं दोन्ही पद्धतींनी शिकवा, सगळ्यांना एकच परीक्षा द्या, आणि ज्याला त्याला आपापलीच पद्धत फळलेली दाखवा. या अटीत बसणारे अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके निघाले आणि त्यातल्या काहींचे निकाल दाव्याच्या उलटेच होते.

मुलं सारखी नसतात, हे कबूल. एखाद्याची नजर कमजोर असते, एखाद्याला वाचनाचीच खरी अडचण असते, ती ओळखायलाच हवी. पण कशाने शिकवायचं हे मुलाच्या शिक्क्यापेक्षा विषयावर ठरतं. ‘ॲन अवर’ पण ‘अ युनिव्हर्सिटी’ का, हे कळायला शब्दाचा पहिला उच्चार ऐकावाच लागतो, ‘बघणाऱ्या’ मुलालासुद्धा. मराठीत क्रियापद शेवटी, इंग्रजीत मध्ये. तिथे शब्दांच्या चिठ्ठ्या जागा बदलून मांडल्या की कोणालाही पटकन कळतं.

आणि व्याकरण लागत नाही? भाचा लिहितो, ‘डज ही गोज टू स्कूल?’ ‘ही गोज’ त्याने ऐकलंय, ‘डज ही’ही ऐकलंय, दोन्ही जोडून मोकळा झाला. ‘डज’ आला की तो ‘एस’ स्वतःकडे घेतो आणि मागे नुसता ‘गो’ उरतो, हे दोन मिनिटांत सांगून होतं. मग दहा वाक्यं लिहून घ्यायची. दिवसभर कानावर इंग्रजी पडणारं मूल हे न सांगता शिकेलही. याच्या कानावर ती शाळेतल्या एका तासापुरती पडते.

गार्डनर यांचं नाव तर फुकटच खर्ची पडलंय. त्यांनी 1983 मध्ये बुद्धिमत्तेचे अनेक प्रकार मांडले. ते म्हणजे शिकण्याच्या शैली नव्हेत, हे त्यांनीच पुढे स्पष्ट लिहिलंय.

ताई, ती फाइल खुशाल ठेव कपाटात. पण वही आजच उघडायला लाव त्याला.