२४ तास थांबायचं नसतं

मूल हरवल्यावर काय करावं यावरच्या लेखातलं "आधी २४ तास नातेवाइकांकडे शोधा, मग पोलिसांत जा" हे वाक्य कृपया काढा. असा कुठलाच नियम नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३च्या आदेशानुसार मूल हरवल्याच्या तक्रारीवर गुन्हा नोंदवावाच लागतो. नुसती 'मिसिंग'ची (हरवल्याची) नोंद करून घरी पाठवलं तर एफआयआरची प्रत मागा, ती फुकट मिळते. हद्दीचा घोळ घातला तर 'झिरो एफआयआर' (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) घ्या म्हणायचं.

एकजण पोलीस ठाण्यात, एकजण घरीच (मूल आपणहून परतलं तर दाराला कुलूप नको), एकजण थेट सोलापूर स्टेशन आणि एसटी स्टँडवर. फोन ११२ (आपत्कालीन मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) ला; रेल्वेत बसल्याची शंका असेल तर १३९ (रेल्वेची हेल्पलाइन). गाडी पुण्याकडे किंवा वाडी जंक्शनकडे सुटली असेल तर पुढच्या स्टेशनला लगेच कळायला हवं. शेजारच्या दुकानांचं सीसीटीव्ही त्याच दिवशी बघून घ्या, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.

फोटो अलीकडचा द्या, लग्नातला नटवलेला नको. कपडे, चपला, जन्मखूण सांगा. व्हॉट्सअ‍ॅपवर घरचा नंबर फिरवला की "मूल आमच्याकडे आहे, पैसे पाठवा" म्हणणारे भामटे सुरू होतात. तिथे ठाण्याचाच नंबर टाका. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत मात्र लहानग्याच्या खिशात आपल्या नंबरची चिठ्ठी हवीच.